आधी नमुना, मग गोळी : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या कामगारांना व त्यांच्या घरच्यांना तातडीचं आवाहन

दिवाळी तोंडावर आली आहे. बोनसची बोलणी चालली आहेत, चाकण-म्हाळुंग्याच्या कंपन्यांच्या गेटवर शटडाउनच्या नोटिसा लागतील आणि भोसरीपासून निघोजे-खराबवाडीपर्यंत चाळीतल्या खोल्यांना कुलपं पडतील. कुणी लातूर-बीडला, कुणी बुलढाण्याला, कुणी थेट बिहार-ओडिशाला. या धांदलीत दोन गोष्टी घडतात आणि त्यांची नोंद कुणीच ठेवत नाही. एचआयव्हीची गोळी चालू असलेला माणूस, गावी कुणी पाहील या धास्तीने, डबी खोलीवरच ठेवून जातो. आणि अंगात ताप असलेला माणूस 'गाडी चुकायला नको' म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिकची अर्धी पट्टी घेतो, दोन दिवस खातो, बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या पाकिटात ठेवून देतो. पुढच्या तापाला उपयोगी पडतील म्हणून.

हे आवाहन त्या दोघांना आहे. म्हणणं एवढंच, की एचआयव्हीची गोळी सुट्टीतही चुकवू नका, आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी तपासणीसाठी नमुना द्या. 'हे करा, ते करू नका' असं सांगून कुणी ऐकत नसतं, निदान मी तरी ऐकत नाही. म्हणून कारणं जरा ऐसपैस सांगतो.

कुठलंही औषध लागू पडतं की नाही हे कारखान्यात ठरत नाही. ते ठरतं माणसाच्या अंगात, आणि तेही कुणी मोजलं तरच कळतं. एचआयव्हीच्या बाबतीत आपण मोजायला शिकलो. कोण गोळी घेतो, त्याच्या रक्तात विषाणू किती उरला, गोळी बदलायची वेळ आली का, याचा हिशोब ठेवला जातो. जिवाणूंच्या बाबतीत मात्र अंधारात दगड मारणं चालू आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं, औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला. एचआयव्हीने त्या वर्षी घेतलेल्या बळींपेक्षा हा आकडा मोठा आहे.

आणि हे सांगायला आपल्या पट्ट्याइतकी योग्य जागा देशात दुसरी नसेल. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत, आणि देशाचं स्वतःचं पेनिसिलिन करायचा पहिला सरकारी कारखाना. टाटा, बजाज नंतर आले. पिंपरीचं नाव देशात आधी पोचलं ते पेनिसिलिनच्या बाटलीवरून. तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने १९६१च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. म्हणजे गावाचं नाव जंतुशास्त्राच्या पुस्तकात गेलं. पुढे नव्वदच्या दशकात कंपनी आजारी पडली, पगार रखडले, आणि पेनिसिलिनचा कच्चा माल देशाने कित्येक वर्षं चीनकडून आणला. आज 'एचए' म्हटलं की तरुण पोरांना मैदान आठवतं, क्रिकेटचे सामने आठवतात. त्यांचा दोष नाही.

त्या मैदानापासून रिक्षाने फार लांब नाही अशा भोसरी एमआयडीसीत, १९९२ साली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', उभी केली. अलीकडे तिचं नाव बदललं, त्यात आता विषाणुविज्ञानही आलं. तरी रस्ता विचारायचा तर 'नारी कुठे' असंच विचारावं लागतं. आजूबाजूला फाउंड्रीचा धूर, प्रेस शॉपची धडधड, टेम्पोंच्या रांगा, आणि मध्ये ही संस्था. शेजारच्या शॉपमध्ये वर्षानुवर्षं लेथ चालवलेल्या अनेकांना तिथे काय चालतं हे ठाऊक नसतं. तिथे आणि पुण्यातल्या तिच्या दवाखान्यांत जे झालं त्यातली दोन कामं सांगतो.

पहिलं काम फसलेल्या लशीचं. फेब्रुवारी २००५मध्ये नारीने एचआयव्हीच्या प्रतिबंधक लशीची देशातली पहिली चाचणी सुरू केली. निरोगी माणसं स्वतःहून पुढे आली, दंड पुढे केला, महिनोन्महिने रक्त देत राहिली. निकाल असा आला, की लस सुरक्षित आहे पण शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती जागी होत नाही. काम तिथेच थांबलं. 'मग काय उपयोग' असं म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर आहे. हे तीसेक माणसांवर कळलं. तीस लाखांना टोचून झाल्यावर कळलं असतं तर?

दुसरं काम जगाच्या उपयोगी पडलं. एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती. दोघांपैकी एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. भारतातून चेन्नई आणि पुणे. पुण्याचं काम नारीकडे होतं. प्रश्न होता, प्रतिकारशक्ती खालावायची वाट न पाहता लगेच औषध सुरू केलं, तर जोडीदाराला लागण होणं थांबतं का? मे २०११मध्ये निकाल जाहीर झाला. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं विषाणूच्या तपासणीतून सिद्ध झालं अशी २८ प्रकरणं, त्यातली २७ औषध उशिरा सुरू केलेल्या गटात आणि फक्त एक लगेच सुरू केलेल्या गटात. ९६ टक्के फरक. निकाल इतका स्वच्छ होता की अभ्यास पुरा व्हायची वाट न पाहता सगळ्यांनाच औषध देऊ केलं गेलं. 'सायन्स' या नियतकालिकाने त्याला त्या वर्षातलं सर्वांत मोठं संशोधन ठरवलं.

आज आपल्याकडे तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच औषध सुरू होतं. २०१७पासून सरकारी धोरणच तसं आहे. त्यामागे जगाच्या पाठीवरची ही जोडपी उभी आहेत, आणि त्यांतली काही पुण्याच्या आसपासच्या घरांतली होती. त्यांची नावं कुणाला कळणार नाहीत, कळूही नयेत. पण ती दर तारखेला आली. रक्त दिलं, गोळ्यांचा हिशोब दिला, नको ते प्रश्न ऐकून घेतले. ती मध्येच गळाली असती तर ९६ हा आकडा निघालाच नसता.

महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारी माणसं चार लाखांच्या आसपास आहेत, देशात सर्वांत जास्त. १ एप्रिल २००४पासून सरकारी एआरटी केंद्रांत औषध फुकट मिळतं. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रावीर अशी तिन्ही औषधं एकत्र असलेली एकच गोळी, दिवसातून एकदा. रक्तातला विषाणू किती हे व्हायरल लोडच्या तपासणीत कळतं. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दर वर्षाला. एक मिलिलिटर रक्तात हजारापेक्षा जास्त प्रती सापडल्या की काहीतरी बिनसलं असं समजतात. आधी गोळ्या नीट घेतल्या जात आहेत ना हे बघतात, पुन्हा तपासतात, आणि तरीही आकडा उतरला नाही तर विषाणूने औषधाला चकवलं का ते पाहतात. ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. इतकं मोठं फळ एका रोजच्या गोळीचं.

आणि ती गोळी आपल्या पट्ट्यात कशी चुकते? कंत्राटी माणसाला सात महिन्यांनी ब्रेक मिळतो. तो भोसरीचा चाकणला जातो, चाकणचा रांजणगावला. आधार, बँक पासबुक, पीएफचा नंबर घेऊन जातो. औषधांची नोंद असलेलं ग्रीन बुक मागे राहतं. नव्या ठिकाणी मेडिकल तपासणी आहे म्हणून घाबरतो, केंद्रात तोंड दाखवत नाही. दोन महिने गोळी बंद. विषाणूला नेमकं तेच हवं असतं. औषध अधूनमधून मिळालं की तो त्याला सरावतो.

त्या भीतीचं उत्तर कायद्यात आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ला. नोकरी देण्यासाठी एचआयव्हीची तपासणी करून घेणं त्या कायद्याने बेकायदा आहे. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या कंपनीत तो कोण, हे एचआरला विचारून पाहा. स्वतःसाठी विचारायची लाज वाटत असेल तर युनियनच्या माणसाला विचारायला सांगा.

आता जिवाणूंकडे येतो, कारण खरी घाई तिथे आहे.

चाकणच्या तळेगाव चौकाजवळ एका मेडिकलच्या काउंटरवर पाहिलेली गोष्ट. पोरगं विशीतलं, पायात सेफ्टी शूज, गळ्यात कंपनीचं कार्ड, डोळे तापाने लाल. मोबाइल पुढे केला. पडद्यावर जुन्या रिकाम्या पट्टीचा फोटो. "हीच द्या, मागच्या वेळी लागू पडली होती." दुकानदाराने फोटो बघितला. "आता हिने उतरत नाही. थोडी हेवी देतो." कात्रीने पट्टी कापली, चार गोळ्या पोराच्या हातात. पट्टीवरची लाल रेघ, औषधाचं नाव आणि मुदत, सगळं डब्यात राहिलेल्या तुकड्यावर. ताप किती दिवस, लघवीला जळजळ आहे का, खोकला आहे का, डासांचं पाणी कुठे साचलंय का, कुणी काही विचारलं नाही. पोरानेही नाही. सेकंड शिफ्ट गाठायची होती.

त्या पोराला डेंग्यू असेल तर ती गोळी फुकट गेली, कारण डेंग्यू विषाणूचा आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. जिवाणूचाच संसर्ग असेल तर चार गोळ्यांनी तो अर्धा मरतो, उरतो तो नेमका तगडा. आणि पुढे ते पोरगं महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात किंवा कुठल्याही खासगी रुग्णालयात दाखल झालं, तर लॅबच्या हाती काही लागत नाही. जंतू अर्धमेला असतो, कल्चरच्या प्लेटवर उगवत नाही. डॉक्टर पुन्हा अंदाजाने औषध देतात, आणि अंदाज नेहमी आधीच्यापेक्षा जड औषधाचा असतो.

ती प्लेट एकदा बघून या, लॅबवाले दाखवतात. तळहाताएवढी गोल काचेची किंवा प्लॅस्टिकची थाळी, त्यात घट्ट बसलेला फिकट पिवळा थर, आणि त्यावर रुग्णाच्या लघवीतून किंवा रक्तातून मिळालेला जंतू सगळीकडे सारवलेला. वर कागदाच्या पांढऱ्या चकत्या, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, प्रत्येकीवर एकेका औषधाची खूण. रात्रभर उबेत ठेवलं की जंतू दुधाळ सायीसारखा पसरतो, पण ज्या औषधाला तो घाबरतो त्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ राहतं. तंत्रज्ञ पट्टी लावून वर्तुळाचा व्यास मोजतो. मेरोपेनेम हे आयसीयूतलं भारी औषध. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला या जिवाणूंसाठी त्याच्या चकतीभोवती २३ मिलिमीटर किंवा जास्त मोकळी जागा असेल तर औषध लागू, १९ किंवा कमी असेल तर जंतूने ते पचवलेलं. चार मिलिमीटरचा मामला. मधे कधी चकतीला चिकटून साय वाढलेली दिसते, वर्तुळच नाही. त्या रुग्णाचे नातेवाईक खाली औषधाच्या खिडकीपाशी पैसे मोजत उभे असतात.

तरीही प्लेट सगळं सांगत नाही, म्हणूनच माणसांवरच्या चाचण्या लागतात. 'मेरिनो' नावाची एक चाचणी झाली, निकाल २०१८चा. रक्तात ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला शिरलेला, सेफ्ट्रायॅक्सोनला दाद न देणारा, पण प्लेटवर पिपरॅसिलिन-टाझोबॅक्टमला आणि मेरोपेनेमला, दोन्हींना दाद देणारा. म्हणजे कागदावर दोन्ही औषधं चालायला हवीत. अर्ध्या रुग्णांना एक दिलं, अर्ध्यांना दुसरं. तीस दिवसांत मेरोपेनेमच्या गटात १०० पैकी चारेक दगावले, दुसऱ्या गटात १२च्या वर. रिपोर्टवर 'लागू' लिहिलेलं औषध माणसाला वाचवायला कमी पडलं. चाचणी झाली नसती तर हे कळायला मार्गच नव्हता.

उलटी बाजूही आहे. कोलिस्टिन हे १९४०च्या दशकाच्या अखेरीला जपानमध्ये सापडलेलं औषध. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी बाजूला टाकलं होतं. नवी औषधं निकामी व्हायला लागल्यावर ते पुन्हा काढावं लागलं. मग सगळीकडे असा समज पसरला की त्याच्या जोडीला मेरोपेनेम दिलं की जोर वाढतो. इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या ४०६ रुग्णांवर हे तपासलं. बहुतेकांना ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूचा संसर्ग होता. जोडीने काहीच फरक पडला नाही. 'दोन-तीन अँटिबायोटिक एकदम चालू आहेत म्हणजे उपचार जोरात आहेत' असं आयसीयूबाहेर बसलेल्या आपल्याला वाटतं. विचारा डॉक्टरांना, प्रत्येक औषध कशासाठी आहे. चांगला डॉक्टर रागावत नाही.

नवी औषधं अजिबात येत नाहीत असंही नाही, आणि त्यातली काही आपल्याच राज्यातून येत आहेत. वोक्हार्ट कंपनीची संशोधन प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला. तिथल्या कामातून लेव्होनाडिफ्लॉक्सासिनला २०२० साली मान्यता मिळाली, आणि त्यानंतर नाफिथ्रोमायसिन आलं. न्यूमोनियावर, दिवसाला एकदा, तीन दिवस. एवढ्या वर्षांच्या खटपटीनंतर हाती आलेलं हे औषधही उद्या कात्रीने चार-चार गोळ्यांत कापलं जाणार असेल, तर त्याचं आयुष्य किती असेल ते तुम्हीच सांगा. एचआयव्हीच्या बाजूला लेनाकापावीर आहे. २०२४मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवरच्या चाचणीत, सहा महिन्यांतून एकदा हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते स्वस्तात तयार करण्याचा परवाना सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. औषध इथे तयार होऊ शकतं. पण त्याचा उपयोग कुणाला आणि किती, हे पुढेही माणसांत मोजावं लागेल.

इथे तुमच्यापैकी काहींना कधीतरी विचारलं जाईल, 'एका औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का?' कदाचित तुम्हाला नाही, आयसीयूत बेशुद्ध असलेल्या वडिलांच्या वतीने तुम्हाला विचारतील. अवघड जंतूंच्या चाचण्यांची हीच मोठी अडचण आहे. माणूस व्हेंटिलेटरवर, वेळ तासांत मोजायची, आणि सही करायची ती हादरलेल्या मुलाने. त्यातून आधी तीन-तीन अँटिबायोटिक देऊन झालेली असली, की बऱ्याचदा तो रुग्ण चाचणीत घेताच येत नाही. सुधारला तरी कशाने सुधारला हे सांगता येत नाही. म्हणून म्हणतो, आधी नमुना.

'आम्हाला गिनिपिग करता का' हा राग मला समजतो. रुग्णांना नीट न सांगता केल्याचा आरोप झालेल्या इंदूरमधल्या औषध-चाचण्यांची प्रकरणं लोक विसरलेले नाहीत. स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेली ती त्यामुळेच. पण त्या लढ्यानंतर नियम कडक झाले, आणि नव्या औषधांचे व चाचण्यांचे २०१९चे नियम तुमच्या बाजूचे आहेत. संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत हवं. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. पूर्णपणे नवं औषध असेल आणि सहभागी माणूस दुर्बल घटकातला असेल, तर संमती घेतानाचं चित्रीकरण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी मात्र फक्त आवाज ध्वनिमुद्रित करतात, चेहरा येत नाही. टेबलावर रेकॉर्डर दिसला तर दचकू नका, तो तुमच्याच संरक्षणाला आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. मध्येच सोडून जायची मुभा, आणि 'नाही' म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार कुणी अडवू शकत नाही. चाचणी राष्ट्रीय नोंदणीत आहे का, तिचा सीटीआरआय क्रमांक काय आणि नीतिमत्ता समितीचा फोन कुठला, हे विचारा. कागद घरी न्या, रात्री घरच्यांशी बोला. सही करण्याची घाई करणाऱ्याला सरळ नकार द्या. पण सगळं नीट समजलं, मनाला पटलं, तर नुसत्या भीतीपोटी पाठ फिरवू नका. त्या १,७६३ जोडप्यांनी पाठ फिरवली नाही.

मेडिकलवाल्या भाऊंना एक विनंती. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल ही तुमची अडचण खरी आहे. पण तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, कार्बापेनेम्स, टीबीची औषधं २०१४पासून एच-वन यादीत आहेत. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते तीन वर्षं जपायचं. चाकण, मोशी, तळवड्यातल्या दुकानदारांनी आपसांत ठरवलं, की चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक कुणीच द्यायचं नाही, तर गिऱ्हाईक जाणार कुठे?

वाड्या-वस्त्यांवरच्या डॉक्टरांनो, कामगाराचा खाडा पडू नये म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी सलाइन आणि इंजेक्शन देता. तोही तेच मागतो. निदान लघवीची बाटली आधी भरून घ्या. नमुना घ्यायला पाच मिनिटं लागतात. रुग्ण गंभीर असेल तर रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही; रक्त कल्चरच्या बाटलीत घेतलं की लगेच औषध सुरू करायचं, आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला की गरज नसलेलं काढून टाकायचं. प्रत्येक तापाला कल्चर लागतं असंही नाही. पुष्कळ तापांना तर अँटिबायोटिकच लागत नाही, आणि तसं सांगायची हिंमत तुमच्याइतकी कुणाकडे नाही. ठेकेदारांनो आणि सुपरवायझर साहेबांनो, तुमचा माणूस महिन्या-दोन महिन्यांतून एकदा 'सरकारी दवाखान्यात जायचंय' म्हणाला तर कारण खोदून विचारू नका. शिफ्ट बदलून द्या. ईएसआयसीचं कार्ड त्याच्या हातात पडलंय का तेही बघा; पगारातून पैसे कापले जातात आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयसीचं रुग्णालय आहे हे त्याच्या गावीही नसतं.

आता सुट्टीपुरतं.

ताप, जळजळ, पू झालेली जखम, काहीही असो, गावी निघण्याआधी डॉक्टरला दाखवा. अँटिबायोटिक लिहून दिलं तर विचारा, 'आधी कल्चर करायचं का?' दिलं असेल तितके दिवस घ्या, उरलेलं कुणाला देऊ नका. मागचा कल्चरचा रिपोर्ट असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रिकाम्या पट्टीच्या फोटोपेक्षा तो गावाकडच्या डॉक्टरच्या जास्त उपयोगाचा.

एचआयव्हीची गोळी घेणाऱ्यांनी एआरटी केंद्रात जाऊन प्रवासाचं सांगा. तब्येत स्थिर असलेल्यांना काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. सुट्टी लांबलीच, तर ग्रीन बुक दाखवून गावाजवळच्या केंद्रातून मधल्या काळापुरत्या गोळ्या घेण्याची सोय आहे. नोकरीच बदलून कायमचं जाणार असाल तर बदलीचा कागद मागा, न सांगता गळू नका. डबी कुणी ओळखेल ही भीती असेल तर गोळ्या कशा न्यायच्या ते समुपदेशकाला विचारा, त्यांना पुष्कळ युक्त्या माहीत असतात. आणि फराळाचं एक ध्यानात ठेवा. चकली-शेवेने पित्त झालं म्हणून अँटासिड घ्याल, तर डोल्युटेग्रावीरची गोळी त्याच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. एकदम घेतली तर अंगी लागत नाही.

आज कामावरून आल्यावर डबीतल्या गोळ्या मोजा. पुन्हा हजर व्हायच्या तारखेपर्यंत पुरून वर आठवडाभराच्या उरतात का बघा. उरत नसतील तर गेट बंद व्हायची वाट न पाहता उद्याच्या शिफ्टआधी वायसीएमच्या किंवा तुमच्या नेहमीच्या केंद्रात जा. केंद्र कुठे, वेळ कोणती, कुणाला भेटायचं, हे माहीत नसेल तर १०९७ फिरवा. फोन फुकट आहे.